लहान वर्गाचा मास्तर आणि मोठी पदवी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी पुतणी घरी आली होती. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत ती २०१० सालापासून शिकवते. बारावीनंतर डी.एड. झाली, नोकरी लागल्यावर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले. रात्रीची जेवणे आटोपल्यावर ती मला म्हणाली, "चाचा, मला प्राथमिक शिक्षणात एम.ए. करायचंय. असं एम.ए. असतं, हे कालपरवापर्यंत मला ठाऊकच नव्हतं."

तिचे अब्बा, म्हणजे माझे थोरले बंधू, हायस्कूलमधून निवृत्त झालेले. ते हसून म्हणाले, "बेटी, पहिली-दुसरीच्या पोरांना अलिफ-बे शिकवायला एम.ए. कशाला लागतं? करायचंच तर उर्दूत कर. हायस्कूलला तरी जाशील."

भाईजानचा तिला दुखवायचा हेतू नव्हता. जे सगळे म्हणतात तेच ते बोलले. मूल जितके लहान, तितकी मास्तरला विद्या कमी लागते, अशी आपली सर्वांची समजूत आहे. प्राध्यापक पीएच.डी. हवा, हायस्कूलचा शिक्षक पदवीधर हवा आणि पहिलीचा मास्तर बारावी झालेला असला तरी चालतो. ही उतरंड आपल्याला इतकी स्वाभाविक वाटते की ती कोणी रचली, केव्हा रचली, असा प्रश्न मनात येत नाही. पुतणीच्या त्या एका वाक्याने मला हा प्रश्न पडला. मग जुनी पुस्तके काढून बसलो. हाती जे लागले त्यात आपल्या समाजाचा बराच इतिहास दडलेला दिसला. तो येथे थोडक्यात मांडतो.

पुण्यातील पहिला धडा

महाराष्ट्रात मास्तर घडवण्याच्या इतिहासाची सुरुवात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या घरापासून करणे योग्य होईल. जोतीरावांची शाळा मध्येच सुटली होती. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोविंदरावांची समजूत घातली ती शेजारच्या मुन्शी गफ्फार बेग यांनी आणि लिजिटसाहेबांनी, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे फुल्यांच्या शिक्षणाच्या वाटेवर आरंभीच एक मुसलमान मुन्शी उभा आहे.

१८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा खरी अडचण जागेची किंवा पैशाची नव्हती. मुलींना शिकवायला बाई कोठून आणायची, ही होती. म्हणून सावित्रीबाईंना आधी स्वतः शिकावे लागले. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्याला मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिकवण्याचे शिक्षण घेतले, असे चरित्रांत नोंदले आहे. नॉर्मल स्कूल म्हणजे मास्तरांची शाळा. शिकवणे हेही शिकावे लागते, ही कल्पना या शब्दाबरोबर आपल्याकडे आली.

१८४९ मध्ये घर सोडावे लागल्यावर फुले दांपत्याला उस्मान शेख यांनी आसरा दिला. त्या घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामात सामील झाल्या. २०२५ च्या जानेवारीत समाजमाध्यमांवर असा दावा झाला की फातिमा शेख हे पात्रच रचलेले आहे. या दाव्याला उत्तर द्यायला आपल्याला आवाज चढवण्याची गरज नाही. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्या आजारपणामुळे माहेरी होत्या. आपल्या गैरहजेरीत फातिमेला त्रास पडत असेल, पण ती कुरकूर करणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. फातिमांचा जन्म केव्हा झाला, त्यांनी किती वर्षे शिकवले, याविषयी भक्कम कागद नाहीत. अलीकडे सांगितल्या जाणाऱ्या तारखा जपूनच वापराव्यात. पण एका कामाचा भार दोघी मिळून उचलत होत्या, एक आजारी पडली की दुसरीवर ताण येत होता, एवढे त्या पत्रातून स्वच्छ दिसते. शाळेत काम करणाऱ्या कोणत्याही बाईला हे पत्र परके वाटणार नाही.

बारा रुपयांची मागणी

१८८२ साली हंटर कमिशन आले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी कमिशनपुढे निवेदन दिले. ते आपण सहसा सक्तीच्या शिक्षणाची मागणी म्हणून वाचतो. त्यात मास्तरांविषयी काय म्हटले आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा, असे जोतीराव म्हणतात. तो शेतकरी वर्गातून यावा, म्हणजे लोकांत मिसळेल, त्यांच्या गरजा ओळखेल. वेळ पडली तर नांगराला हात लावायला लाजणार नाही. त्याला किमान बारा रुपये पगार द्यावा, मोठ्या गावी पंधरा ते वीस द्यावा. वरच्या वर्गांच्या शिक्षणावर सरकारची तिजोरी रिती होते आणि ती भरणाऱ्या रयतेच्या पोरांच्या वाट्याला अर्धवट मास्तर येतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता.

त्याच निवेदनात त्यांनी मुसलमानांचाही उल्लेख केला आहे. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठीची वा इंग्रजीची गोडी दिसत नाही, त्यांच्या भाषेच्या थोड्या शाळा आहेत, असे ते नोंदवतात. हंटर कमिशनने मुसलमानांच्या शिक्षणासंबंधी वेगळ्या शिफारशी केल्या. त्यांत मुसलमान शिक्षक तयार करण्यासाठी गरजेप्रमाणे नॉर्मल स्कूल किंवा वर्ग काढावेत, असेही सुचवले होते. मुंबईत १८७४ साली स्थापन झालेली अंजुमन-ए-इस्लाम तेव्हा कामाला लागली होती. पण मुंबई सोडून कोकणात, देशावर, मराठवाड्यात पाहिले तर मुसलमान मुलाची पहिली शाळा म्हणजे मशिदीचा मक्तब, आणि तिथला मौलवी हाच त्याचा पहिला मास्तर. त्या मौलवीसाहेबांना कोणी ट्रेनिंगला पाठवले नाही आणि सरकारी ट्रेनिंग घेतलेला मास्तर आपल्या मोहल्ल्यात फारसा आला नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी शिक्षणसंस्था आणि वसतिगृह उभे केले, १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणले. असे अपवाद होते. ते अपवाद होते म्हणूनच आपण ते आजही आठवतो.

याच काळात ती उतरंड पक्की झाली. मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, पास झालेला मुलगा मास्तर होई. जमले तर ट्रेनिंग कॉलेजात जाऊन फर्स्ट इयर, सेकंड इयर, थर्ड इयर 'ट्रेंड' होई. पुढे पी.टी.सी. आली, मग डी.एड. हायस्कूलच्या शिक्षकासाठी मात्र विद्यापीठाची बी.टी., नंतर बी.एड. होती. एक खात्याची परीक्षा आणि दुसरी विद्यापीठाची पदवी. दोघेही शिकवतात, पण दोघांच्या शिक्षणाची घरे वेगळी. यातून एक विचित्र गोष्ट घडली. प्राथमिक मास्तरांना ट्रेनिंग कॉलेजात शिकवायला जे येत, ते स्वतः हायस्कूलसाठी तयार झालेले असत. ज्यांनी पहिलीचा वर्ग कधी घेतला नाही, ते पहिलीचा वर्ग कसा घ्यावा हे शिकवत. ही गोष्ट पुढे शंभर वर्षे तशीच चालली.

वर्ध्याची बैठक

ही उतरंड उलटवण्याचा पहिला मोठा प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवर झाला आणि त्याचा शिल्पकार एक मुसलमान होता, हे आपल्या मुलांना आपण सांगत नाही.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेचा खर्च, अशी गांधीजींची कल्पना होती. परिषदेला जामिया मिल्लियाचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन आले होते. त्यांनी हाताच्या कामाला मनापासून पाठिंबा दिला, पण स्वावलंबनावर फार भर देण्याला सर्वांसमोर हरकत घेतली. असे केले तर मास्तर मुकादम बनेल आणि गरीब पोरांच्या कष्टांवर शाळा चालेल, असा इशारा त्यांनी दिला. त्या सभेत गांधीजींसमोर असे बोलणे सोपे नव्हते. गांधीजींचे मोठेपण असे की अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांनी याच माणसाकडे सोपवले. समितीत विनोबा, काकासाहेब कालेलकर, किशोरलाल मशरूवाला, जे. सी. कुमारप्पा, आर्यनायकम् यांच्याबरोबर ख्वाजा गुलामुस्सय्यदैनही होते. २ डिसेंबर १९३७ रोजी अहवाल सादर झाला. एवढे मोठे काम सहा आठवड्यांच्या आत पुरे झाले.

हा अहवाल वाचताना एक गोष्ट जाणवते. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून, एखाद्या उद्योगाच्या आधाराने कसे शिकवावे, हे सांगून तो थांबत नाही. मास्तर कसा घडवावा, याचा स्वतंत्र आराखडा तो देतो. तीन वर्षांचे पूर्ण प्रशिक्षण आणि निकडीची गरज म्हणून एक वर्षाचे लहान प्रशिक्षण. पगार पंचवीस रुपये असावा, वीसच्या खाली कधीच नसावा. फुल्यांच्या बारा रुपयांनंतर पंचावन्न वर्षांनी पुन्हा कोणीतरी मास्तरच्या पगाराचा आणि त्याच्या विद्येचा विचार एकत्र केला होता.

झाकीरसाहेबांना हे सुचले कारण त्यांचा अनुभव तसा होता. बर्लिनहून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९२६ मध्ये ते परतले. कोणत्याही विद्यापीठात त्यांना मानाची जागा मिळाली असती. ते गेले डबघाईला आलेल्या जामियात. जामियाच्या कारभारात लहान मुलांच्या शाळेला त्यांनी फार वरचे स्थान दिले. तिथे अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारखा शिक्षक होता, ज्याने आयुष्यभर लहान मुलांना शिकवले आणि 'एक मुअल्लिम की जिंदगी' हे त्या अनुभवांचे पुस्तक लिहिले. गर्डा फिलिप्सबॉर्न ही जर्मन यहुदी बाई झाकीरसाहेबांच्या बर्लिनमधल्या ओळखीतून तिथे आली, मुलांची 'आपाजान' झाली आणि १९४३ मध्ये वारल्यावर जामियाच्याच कब्रस्तानात तिला मूठमाती मिळाली. १ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या जागेची पायाभरणी झाली. तेव्हा दगड बसवायला कोणी नवाब किंवा पुढारी बोलावला नाही. शाळेतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून, अब्दुल अजीजच्या हातून, तो बसवला गेला. १९३८ मध्ये जामियाने 'उस्तादों का मदरसा' काढला. याच झाकीरसाहेबांनी मुलांसाठी गोष्टी लिहिल्या आणि १९६७ मध्ये ते देशाचे राष्ट्रपती झाले.

नावाचा वाद

या योजनेचे आपल्या समाजात काय झाले, तेही सांगितले पाहिजे. तो भाग सुखाचा नाही.

मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांनी या सुमारास 'विद्यामंदिर' योजना आणली. एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्याला विद्यामंदिरांच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळाही उघडली. 'मंदिर' या शब्दावर मुसलमानांनी हरकत घेतली. ती हरकत ऐकून घेऊन नाव बदलणे अवघड नव्हते. पण सत्तेवर बसलेल्यांना अल्पसंख्याकाच्या मनाचा अंदाज आला नाही. दुसरीकडे मुस्लिम लीगने नोव्हेंबर १९३८ च्या पीरपूर अहवालात हा विषय तक्रारीत घातला आणि विद्यामंदिराबरोबर वर्धा योजनेवरही शिक्का मारला. वास्तविक एक प्रांतिक योजना होती, दुसरी झाकीर हुसेन समितीची. पण गदारोळात हा फरक कोण पाहणार? झाकीरसाहेबांना आपल्याच लोकांकडून बरेच ऐकून घ्यावे लागले.

या वादात दोन्ही बाजूंनी नावावर भांडण झाले. मास्तरला तीन वर्षे शिकवा आणि पोट भरेल एवढा पगार द्या, या मुद्द्यावर मात्र कोणी भांडले नाही. योजना पुढे स्वातंत्र्यानंतर 'मूलोद्योग शाळा' म्हणून राबवली गेली, टकळ्या आल्या, सूत निघाले. तीन वर्षांचा मास्तर मात्र आला नाही. त्यामुळे झाकीरसाहेबांना जी भीती होती तीच खरी ठरली. तयारी नसलेल्या मास्तरच्या हातात टकळी गेली आणि तीही पाठ्यपुस्तकासारखीच कोरडी झाली. पुढे मूलोद्योग मागे पडला, त्याचे हे एक कारण आहे.

सय्यदैन, कोठारी आणि तुटलेला मास्तर

समितीतले दुसरे मुसलमान सदस्य सय्यदैन हे पानिपतचे, मौलाना हालींच्या घराण्यातले. लीड्सला शिक्षणशास्त्र शिकून आलेले. १९४७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने त्यांना शिक्षण सल्लागार म्हणून बोलावले आणि १९५० पर्यंत ते त्या पदावर होते. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदाही १९४७ चाच. फाळणीच्या वर्षी पानिपतचे घर मागे टाकलेला हा माणूस मुंबई राज्यातल्या शाळांचा विचार करत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दिल्लीत त्याच वेळी मौलाना आझाद शिक्षणमंत्री झाले होते. ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नाही, घरीच वडिलांकडे आणि उस्तादांकडे शिक्षण घेतले, आणि १९४२ नंतरची जवळपास तीन वर्षे ज्या अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत काढली, त्याच गावात सावित्रीबाई शिकवायला शिकल्या होत्या.

१९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगावरही सय्यदैन सदस्य होते. आयोगाचे सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. या आयोगाने शिक्षकांच्या ट्रेनिंगचे दुखणे नेमके ओळखले. ट्रेनिंग देणाऱ्या संस्था विद्यापीठापासून तुटलेल्या आहेत, शाळांपासून तुटलेल्या आहेत आणि एकमेकींपासूनही तुटलेल्या आहेत, असे त्याने म्हटले. १९८३ ते ८५ च्या चट्टोपाध्याय आयोगाने बारावीनंतर चार वर्षांचे प्रशिक्षण सुचवले. १९८६ च्या धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट आल्या. पण प्राथमिक शिक्षण हा विद्यापीठात शिकण्याजोगा विषय आहे, हे मान्य व्हायला १९९४ साल उजाडले. त्या वर्षी दिल्ली विद्यापीठाने बी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची चार वर्षांची पदवी सुरू केली. ती ज्या केंद्रातून आखली गेली, त्याला नाव होते मौलाना आझादांचे.

२००६ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने प्राथमिक शिक्षणात एम.ए. सुरू केले. जयपूरची दिगंतर, मध्यप्रदेशातली एकलव्य, उदयपूरची विद्या भवन सोसायटी, मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र अशा प्रत्यक्ष शाळांत काम करणाऱ्या संस्था त्यात सहभागी होत्या. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तो आखलेला होता. काही आठवडे मुंबईत वर्ग, उरलेला अभ्यास आपल्या गावी. पुढे त्याची रूपे बदलली, इतर विद्यापीठांतही असे अभ्यासक्रम आले. २०१४ च्या नियमांनी एम.एड.मध्येही प्राथमिक शिक्षण ही स्वतंत्र शाखा झाली आणि पदवी मिळवलेल्या डी.एड. शिक्षकाला बी.एड. न करताही त्या एम.एड.चे दार उघडले. फुल्यांच्या निवेदनापासून मोजले तर यात एकशे बत्तीस वर्षे गेली.

त्यात शिकायचे तरी काय?

भाईजानचा मूळ प्रश्न हाच होता. अलिफ-बे शिकवायला एवढे काय लागते?

पुतणीच्या वर्गातले एक उदाहरण देतो. उर्दू शाळेतले पहिलीचे मूल वाचताना उजवीकडून डावीकडे जाते. त्याच वहीत गणित आले की आकडे डावीकडून उजवीकडे लिहायचे. सत्तावीस लिहिताना कानावर आधी 'सात'चा आवाज पडतो, मग 'वीस'चा, पण कागदावर आधी दोन आणि मग सात. मूल बहात्तर लिहिते आणि मार खाते. ते मठ्ठ नाही, त्याने ऐकले त्या क्रमाने लिहिले. हे मराठी मुलाच्या बाबतीतही होते. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' असे वाचन सुचवले गेले आणि त्यावर राज्यभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी कितींनी दुसरीचा वर्ग घेतला होता? उर्दू शाळेतल्या मुलापुढे तर दिशांचा पेच आणखी वेगळा. घरात दखनी किंवा कोकणी वळणाची मराठी, शाळेत किताबी उर्दू, गल्लीत मराठी, वर इंग्रजी. अशा मुलाला वाचायला कसे शिकवावे, याचे उत्तर डी.एड.च्या दोन वर्षांत मिळत नाही. त्यासाठी मुलाचे मन कसे वाढते, भाषा कशी येते, संख्येची समज कशी तयार होते, गरिबी आणि शाळा यांचे नाते काय, हे सारे खोलात जाऊन वाचावे लागते. आपल्या वर्गातल्या मुलांच्या चुका गोळा करून त्यांचा अर्थ लावावा लागतो. त्यालाच प्राथमिक शिक्षणातले एम.ए. म्हणायचे.

११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले. बी.एड. झालेला उमेदवार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदाला पात्र नाही, कारण त्याचे प्रशिक्षण वरच्या वर्गांचे आहे, लहान मुलांना शिकवण्याचे कौशल्य वेगळे आहे, असे न्यायालयाने सांगितले. 'मोठ्यांना शिकवतो तो छोट्यांना सहज शिकवेल' ही समजूत निदान कायद्याने तरी खोटी ठरली.

आपली डी.एड.

आता थोडे आपल्या घरातले बोलू.

२००० नंतरची दहा वर्षे आठवा. मोहल्ल्यात ज्या मुलीला बारावीला बरे गुण पडत तिला डी.एड.ला घालायचे, हे ठरलेले असे. कारणे स्पष्ट होती. दोन वर्षांत नोकरी, शाळा अर्ध्या दिवसाची, लग्नाच्या बाजारात किंमत. यात मुलींचा फायदाही झाला. ज्या घरांत बाई कधी कमावती नव्हती त्या घरांत पगार आला, हे मी कमी लेखत नाही. पण किती बापांनी मुलीला विचारले, की तुला लहान मुलांना शिकवणे आवडते का? आणि गावोगाव जी डी.एड. कॉलेजे उघडली, त्यांत आपल्याही संस्था होत्या. माझ्या ओळखीच्या एका संस्थेत पंख्याखाली चाळीस खुर्च्या, एक कपाट आणि कुलूपबंद ग्रंथालय, एवढेच कॉलेज होते. देणगी मात्र वेळेवर घेतली जाई. ही संस्था एकटी नव्हती. महाराष्ट्रातल्या जवळजवळ तीनशे डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच न्या. वर्मा आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये त्या आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या या दुकानदारीवर बोट ठेवले.

२०१० नंतर भरती जवळजवळ थांबली. २०१३ पासून टीईटी आली, २०१७ मध्ये पवित्र पोर्टल आले. हजारो मुली डी.एड.चे प्रमाणपत्र ट्रंकेत ठेवून शिवणकाम करू लागल्या. कॉलेजे एकामागून एक बंद पडली. मग लोक म्हणू लागले, "डी.एड.मध्ये काही राहिलं नाही." नोकरी होती तेव्हा त्या शिक्षणात काय होते, हे आपण कधी पाहिले नव्हते. म्हणून नोकरी गेल्यावर त्यात काहीच उरले नाही असे वाटले.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आणखी एक निकाल आला. खटल्याचे नाव 'अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन'. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावे लागेल, असे त्यात म्हटले. अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागू व्हावा की नाही, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला गेला. वीस-पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसवणे क्लेशदायक आहे, हे खरेच. त्यांच्या नोकरीच्या संरक्षणासाठी संघटनांनी बोलावे. पण 'आम्हाला वगळा' एवढ्यावर आपला समाज थांबला, तर ते आपल्याच मुलांच्या विरोधात जाईल. गरिबातल्या गरीब मुसलमान मुलासमोर उभा राहणारा मास्तर अधिक शिकलेला हवा, ही मागणी आपली असली पाहिजे. ती फुल्यांची होती, झाकीरसाहेबांची होती.

मला वाटते, आपल्या संस्थांनी आणि जकातीच्या निधीतून शिष्यवृत्त्या देणाऱ्या मंडळींनी याचा विचार करावा. डॉक्टर, इंजिनियर होणाऱ्या मुलांचा सत्कार आपण दरवर्षी करतो. जिल्ह्यातून दोन प्राथमिक शिक्षिकांना प्राथमिक शिक्षणातल्या एम.ए.साठी फी आणि दोन उन्हाळ्यांचा प्रवासखर्च दिला, तर त्यांच्या हातून पुढच्या वीस वर्षांत किती मुले वाचायला शिकतील याचा हिशेब मांडून पाहावा. आपल्या शाळांनी अशा शिक्षिकेला हायस्कूलवर न चढवता पहिली-दुसरीवरच ठेवावे आणि इतर शिक्षकांना तिच्याकडे शिकायला बसवावे. पदवी वाढली म्हणजे वर्गही वाढलाच पाहिजे, ही सवय मोडल्याशिवाय उतरंड मोडणार नाही.

त्या रात्री मी भाईजानना वर्ध्याची हकिकत सांगितली. सत्तावीस आणि बहात्तरचा घोटाळा मात्र पुतणीनेच कागदावर लिहून दाखवला. भाईजान बराच वेळ तो कागद पाहत राहिले. मग म्हणाले, "आम्ही आठवीत पोरं घ्यायचो, तेव्हा म्हणायचो, यांना खालून काहीच शिकवून पाठवलं नाही. खाली काय चालतं ते बघायला कधी गेलो नाही."

सकाळी त्यांनी तिला विचारले, "फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे?"